बन्सीच्या समोरची पथारी

पाचोडच्या आठवडी बाजारात बन्सी मंजनवाल्याच्या समोर बसायला कुणी धजायचं नाही. त्याचा भोंगा सकाळी एकदा सुरू झाला की बाजार उठेपर्यंत थांबत नसे, आणि समोर बसलेल्याचं गिऱ्हाईक बोलता बोलता पाठ फिरवून त्याच्याकडं वळायचं. लसूणवाले, दोरखंडवाले, बांगडीवाले सगळे त्याच्यापासून अंतर राखून बसायचे. म्हणून करुणा दाभाडेनं नेमकी तीच रिकामी जागा मागितली, तेव्हा बाजाराची पावती फाडणारा माणूस तिच्याकडं बघतच राहिला. बाजूची चांगली जागा देतो म्हणाला. ती म्हणाली, हीच द्या.

करुणा मूळची दौलताबादची. तिच्या वडिलांची गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत गावोगावचे कार्यक्रम असायचे आणि करुणा फ्रॉक घालत होती तेव्हापासून त्यांच्याबरोबर माइकपुढं उभी राहायची. तिचा आवाज असा की भोंगा बंद पडला तरी मागच्या रांगेतल्या म्हातारीला शब्द न् शब्द कळावा. लग्न होऊन ती पाचोडच्या दाभाड्यांच्या घरात आली. नवरा अभय चिकलठाण्याला एका कारखान्यात मशीनवर होता, त्यामुळं दोघांचं बिऱ्हाड तिकडंच, दोन खोल्यांचं. श्रेया झाली, रांगायला लागली, आणि करुणालाही जवळच पॅकिंगचं काम मिळालं. दोघांच्या पाळ्या उलटसुलट. लेकराला बघणार कोण? सासू मनकर्णाबाई म्हणाल्या, ठेव माझ्याजवळ, तुला काय भ्या वाटतं? करुणानं श्रेयाला पाचोडला ठेवलं आणि सुटी मिळेल तशी ती एसटीनं जाऊन भेटून यायची.

मनकर्णाबाईंनी नातीला जीव लावला, यात खोट काढायला जागा नाही. तिला मांडीवर घेतल्याशिवाय त्या भाकरीचा तुकडा मोडत नसत. झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली तिच्या तोंडात द्यायच्या, आणि सकाळी उठल्यावर आपल्या बोटानं तिच्या हिरड्यांना मंजन लावायच्या. मंजन बन्सीचं. लाल डबी, वर हसऱ्या बाळाचं चित्र. म्हातारी स्वतः कित्येक वर्षं तेच लावत होती. बन्सी भोंग्यावर सांगायचा, दात यायला त्रास होतो, लेकरू रडतं, रात्री झोपत नाही, तर ही डबी न्या आणि चिमूटभर लावा, लेकरू गप. आणि खरोखरच श्रेया गप व्हायची. पुढं तर ती आपणहून डबीकडं बोट दाखवायला लागली. सकाळी लावलं की दुपारी मागायची, दुपारी लावलं की दिवे लागताना. मनकर्णाबाई कौतुकानं शेजारणीला सांगायच्या, आमच्या पोरीला दात घासायची लई आवड.

श्रेया तीन वर्षांची झाली तेव्हा तिच्या पुढच्या दातांच्या कडा काळ्या पडून झिजल्या होत्या. करुणानं विचारलं तर सासू म्हणाली, दुधाचे दात असेच असतात. मग एकदा खालच्या दाढेपाशी गाल सुजला. मनकर्णाबाईंनी हळद लावली, मीठ गरम करून शेकलं. सूज उतरेना. बाजारच्या दिवशी त्यांनी पोरीला कडेवर घेतलं आणि बन्सीच्या पथारीवर नेऊन दाखवलं. एवढ्या वर्षांचं गिऱ्हाईक, भरवसा होता. बन्सीनं पोरीचं तोंड उघडून बघितल्यासारखं केलं आणि सांगितलं, आतली गरमी बाहेर पडायलीय, घाबरू नका, आता दुप्पट लावा. दवाखान्यात नेऊ का, असं मनकर्णाबाईंनी विचारलं होतं. तो म्हणाला, डॉक्टर दात उपटून हातात देतील, दुसरं काय करतील?

म्हातारीनं दुप्पट लावलं. मंजनानं हिरडी बधिर व्हायची, पोर रडायची थांबायची, आणि आत पू जबड्यात उतरत राहायचा. पुढचा बाजार यायच्या आत श्रेयाची मान ताठली, तिला थुंकी गिळता येईना, अंगात ताप भरला. अभयचा चुलतभाऊ मोटारसायकलवर मनकर्णाबाईंना आणि पोरीला घेऊन शहरातल्या घाटी या मोठ्या सरकारी दवाखान्यात आला. करुणा कामावरून तशीच, डोक्याची टोपीसुद्धा न काढता, दवाखान्यात पोचली. जबड्याखाली चीर देऊन पू काढावा लागला. श्वासाची नळी दबायला थोडंच राहिलं होतं, असं डॉक्टरांनी अभयला बाजूला घेऊन सांगितलं.

पोर वाचली. पण करुणाच्या मनात जे घर करून बसलं ते त्या दिवशीचं नाही, दोन दिवसांनंतरचं आहे. श्रेया पूर्ण शुद्धीवर आली. गळ्याला पट्टी, तोंड सुजलेलं. करुणा तिच्यावर वाकली आणि म्हणाली, माझ्या राणी, काय पाहिजे तुला? पोरीनं आईकडं बघितलं आणि म्हणाली, "डबी." मग ती डबीसाठी रडायला लागली. हातपाय झाडले, सलाइनची सुई निघेपर्यंत झाडले. आईनं जवळ घेतलं तर तिला बोचकारलं. वॉर्डातल्या सगळ्या बाया बघत होत्या. दिवसभर ती पोर आईला मागत नव्हती, पाणी मागत नव्हती, डबी मागत होती.

दातांच्या दवाखान्यातून श्रेयाला तपासायला डॉक्टर विशाखा यायच्या. लहान मुलांच्या दातांचं शिकलेल्या, वयानं करुणाएवढ्याच. त्यांनी मनकर्णाबाईंच्या पिशवीतली डबी उघडली, वास घेतला, बोटावर चोळून बघितलं. तंबाखू जाळून घातलीय, म्हणाल्या, आणि वर कसलीतरी भरड पूड. दातांच्या मंजनात तंबाखू घालून विकायला कायद्यानं बंदी आहे. लेकराला तिची चटक लागलीय, आठवडाभर त्रास होईल, मग सुटेल. त्यांनी हेही सांगितलं की एकट्या मंजनानं दात किडले नाहीत, रात्रभर तोंडात राहणारं गोड दूध हेही मोठं कारण आहे, मंजनानं आपल्या भरड पुडीनं दात झिजवले आणि दुखणं झाकून ठेवलं. करुणानं पहिली गोष्ट ऐकली. दुसरी तिला ऐकायची नव्हती.

श्रेयाचे पुढचे दात आणि दोन दाढा काढाव्या लागल्या. जबड्याखाली व्रण राहिला. पोरीला चिकलठाण्याच्या घरी आणल्यावर, पहिल्याच बाजाराला, करुणा पाचोडला गेली ती सरळ बन्सीच्या पथारीवर. तिला भांडायचं नव्हतं, निदान तिला तसं वाटत होतं. तिला त्याच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं की चुकलं. तिनं गर्दीसमोर सगळं सांगितलं, पोरीचं नाव सांगितलं, दुप्पट लावायला सांगितलं होतं ते सांगितलं.

बन्सी पन्नाशीचा, अंगानं भरलेला, डोक्याला फेटा, आणि हसला की पांढरेशुभ्र दात ओळीनं चमकायचे. त्याच दातांवर त्याचा धंदा चालायचा. त्यानं ऐकून घेतलं, माइक तोंडाशी धरला आणि भोंग्यातून म्हणाला, "दुधाचे दात व्हते ना बाई? पडायचेच व्हते. आईला लेकराचं तोंड बघायला सवड नाय, अन् दोष माह्या डबीला."

लोक हसले. काही जणी करुणाकडं बघून कुजबुजल्या. ती तिथून निघाली आणि एसटी स्टँडपर्यंत कशी चालत गेली ते तिला आठवत नाही. चिकलठाण्याला उतरेपर्यंत तिचं रडू आटलं होतं. त्याच्या जागी जे आलं ते पुढं बरेच महिने तिच्याबरोबर उठत होतं आणि तिच्याबरोबर निजत होतं. या माणसाचा धंदा मोडायचा. तोही दुसऱ्या कुणाकडून नाही. त्याच बाजारात, त्याच्यासारखाच भोंगा लावून, आपल्या तोंडानं.

डॉक्टर विशाखांच्या सांगण्यावरून तिनं तक्रारीचा अर्ज केला. चौकशी होईल असं उत्तर मिळालं. करुणाला चौकशीची वाट बघायची नव्हती. कायदा यायचा तेव्हा येईल, ती म्हणाली, तोवर मला शिकवा. श्रेयाला तपासायला नेलं की ती विशाखांना प्रश्न विचारायची. लेकराचे दात कधीपासून घासायचे, कशानं, किती पेस्ट, गिळली तर काय, तोंड उघडत नसेल तर काय. विशाखांना तिचा नेट आवडला. त्यांनी तिला लहान मुलांच्या दवाखान्यात बसवून घेतलं, आयांना समजावताना ऐकू दिलं, स्वतः तिच्याकडून पोरांचे दात घासून घेतले, चुकलं तिथं हात धरून दुरुस्त केलं. शेवटी प्लास्टरचा एक मोठा जबडा आणि हातभर लांबीचा ब्रश तिला वापरायला दिला. त्यांना वाटलं, बाईच्या मनात समाजकार्य आलंय. करुणानं त्यांचा समज मोडला नाही.

भोंगा वडिलांच्या पार्टीचा होता. तिनं आठवडी सुटी बदलून बाजारच्या दिवसाची घेतली, बन्सीच्या समोर सतरंजी टाकली, आणि ती एकटी बसली नाही. शेजारी मनकर्णाबाईंना बसवलं.

ही गोष्ट पाचोडमध्ये पुष्कळांना पटली नाही, आणि ती पटण्यासारखी नव्हतीच. दवाखान्यापासून करुणा सासूशी बोलत नव्हती. आता ती बोलली ती एवढंच, की आत्या, तुम्ही माझ्याबरोबर बसायचं आणि लोकांना सांगायचं. म्हातारी पदर सावरून सतरंजीवर बसायची. करुणा माइक तिच्या तोंडाशी धरायची आणि म्हातारी म्हणायची, "माह्या नातीला मी लावलं. ह्याच डबीतलं लावलं. ह्यानं दुप्पट लाव म्हनला, मी दुप्पट लावलं." मग करुणा श्रेयाची हनुवटी वर करून व्रण दाखवायची. पहिल्या काही बाजारांना ती पोरीला घेऊनच यायची. अभयनं एकदा तिला विचारलं की तू आईला शिक्षा देतेस का. ती म्हणाली, व्हय.

समोरून बन्सी भोंग्यावर टिंगल करायचा. ब्रशवाल्या कंपनीनं बाई पाठवलीय, म्हणायचा. प्लास्टिकच्या काड्या लेकरांच्या तोंडात कोंबा आणि पैसे शहरात पाठवा, म्हणायचा. करुणा त्याला उलटून बोलायची नाही. तिला पार्टीतलं माहीत होतं की समोरचा ओरडतो तेव्हा आपण आवाज खाली आणायचा, म्हणजे लोक ऐकायला जवळ येतात. ती एखाद्या आईला हाक मारायची, माय, लेकराला घेऊन इकडं ये, विकत काही घ्यायचं नाय. लेकराला सतरंजीवर निजवायची, डोकं आपल्या मांडीवर, पाय आईच्या मांडीकडं. पोराला वाटायचं आई समोरच आहे, आणि वरून करुणाला सगळं तोंड दिसायचं. एका बोटानं ओठ उचलायची. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून लहान लहान गोल फिरवायची. जोर लावायचा नाय, म्हणायची, भांडं घासायचं नाय, डोळ्यातलं काजळ पुसतो तसं. पहिला दात दिसला की घासायला लागा, त्याच्या आधी ओल्या स्वच्छ फडक्यानं हिरड्या पुसा. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. तीन वर्षं झाली की वाटाण्याएवढी, त्याच्या वर नाय. थुंकायला शिकवा. सकाळी एकदा आणि रात्री झोपायच्या आधी एकदा, आणि रात्रीचं चुकवायचं नाय, कारण झोपेत तोंडात थुंकी कमी सुटते आणि कीड तेव्हाच काम करते. रात्री ब्रश झाल्यावर पाण्याशिवाय काही देऊ नका. आणि लेकरू स्वतः घासतो म्हणालं तर घासू द्या, मग तुम्ही एकदा घासा. सातआठ वर्षांचं होईस्तोवर त्याच्या हाताला ते जमत नाय.

हळूहळू बाया थांबायला लागल्या. कुणाचं पोर चावायचं, कुणाचं तोंड घट्ट मिटायचं. करुणा त्याला गाणं म्हणून दाखवायची आणि पोर गाण्यासाठी तोंड उघडायचं. एक आई म्हणाली, रडतंय हो लई. करुणा म्हणाली, रडताना तोंड उघडं असतं, तेवढ्यात घासून घे. बाया हसल्या. त्यांच्यात आप्पासाहेबांची सून अपेक्षाही होती. आप्पासाहेब म्हणजे गावातले मोठे शेतकरी, बाजाराच्या कमिटीत त्यांचा शब्द चालायचा, आणि बन्सी दर बाजारी त्यांना रामराम घातल्याशिवाय पथारी मांडत नसे. बन्सीनं त्यांच्याकडं तक्रार केली तेव्हा अपेक्षाचं पोर करुणाच्या मांडीवर निजून ब्रश करून घेत होतं. आप्पासाहेबांनी करुणाला उठवलं नाही.

याच दिवसांत एक घटना घडली. करुणा श्रेयाला घेऊन दातांच्या दवाखान्यात गेली होती. वरच्या मजल्यावर कवळ्या बसवतात त्या विभागाबाहेर बाकावर एक माणूस बसला होता, तोंडाभोवती उपरणं गुंडाळून. फेटा नव्हता, म्हणून तिनं आधी ओळखलं नाही. आतून त्याचं नाव पुकारलं आणि तो उठला. जाताना त्यानं उपरणं सोडलं, तोंडातून वरची कवळी काढली आणि रुमालात धरली. गाल आत गेले, ओठ मिटले, आणि बन्सी एकदम म्हातारा दिसायला लागला.

करुणा जिन्याच्या कोपऱ्यात थांबली. त्यानं तिला बघितलं नाही. तिनं हे घरी अभयला सांगितलं नाही, मनकर्णाबाईंना नाही, डॉक्टर विशाखांना तर नाहीच. कितीतरी दिवस तिनं ते मनातल्या मनात ठेवलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत ती सुखात होती. पॅकिंगच्या पट्ट्यावर हात चालवताना मध्येच हसायची. बन्सी भोंग्यावर आपले दात दाखवून बोलायचा, माझ्याकडं बघा, ह्याच मंजनाचे दात, अजून ऊस सोलतो, बदाम फोडतो, तेव्हा ती समोर बसून शांतपणे ऐकायची. ती उसाचे दिवस यायची वाट बघत होती.

ऊस बाजारात आला. दुपारी गर्दी भरात असताना करुणानं उसाचं एक कांडं विकत घेतलं, माइक हातात घेतला आणि रस्ता ओलांडून बन्सीच्या पथारीपुढं उभी राहिली. म्हणाली, बन्सीभाऊ, तुमचं मंजन खोटं असं मी इतके बाजार म्हणतेय. आज माझं तोंड बंद करा. हे कांडं सोला दातानं. तुम्ही सोललं तर मी माझी सतरंजी उचलते आणि पुन्हा पाचोडच्या बाजारात येत नाही.

बन्सी हसला. मग म्हणाला, आज उपास आहे. ऊस उपासाला चालतो, गर्दीतून कुणीतरी म्हणालं. तो म्हणाला, धंद्याचा टाइम आहे, खेळ करू नका. तोवर लोक गोळा झाले होते. आप्पासाहेब गुळाच्या दुकानापाशी उभे होते, तेही जवळ आले. ते म्हणाले, अरे सोल की, रोज तर सांगतोस.

आता माघार घ्यायला जागा नव्हती. बन्सीनं कांडं तोंडाच्या बाजूला धरलं, जपून दाबलं. साल सुटली नाही. पुन्हा दाबलं. लोक ओरडायला लागले, जोर लाव, जोर लाव. त्यानं जोर लावला आणि झटक्यानं कांडं ओढलं. वरची कवळी उसात रुतून बाहेर आली.

जो हशा पिकला तो बैलबाजारापर्यंत गेला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. बन्सी काहीतरी बोलत होता, पण दात नसल्यानं शब्द फुटत नव्हते. करुणा हसली नाही. तिनं माइक तोंडाशी धरला. "भाऊ म्हणतात, पडायचेच व्हते," ती म्हणाली. "रडू नका भाऊ."

त्या दिवशी बन्सीची एकही डबी खपली नाही. उलट दोघीतिघींनी घेतलेल्या डब्या परत आणून त्याच्या पथारीवर टाकल्या. पुढच्या बाजाराला त्याची जागा रिकामी होती.

तिथं थांबायला हरकत नव्हती. अभय म्हणाला, आता पुरे. मनकर्णाबाई म्हणाल्या, त्याला लई मोठी अद्दल घडली. करुणाच्या कानावर आलं की बन्सी दौलताबादकडच्या एका बाजारात बसायला लागलाय. ते तिचं माहेर. तिनं कामावर रजा टाकली आणि भोंगा घेऊन तिकडं गेली. बन्सीनं तिला सतरंजी झटकताना बघितलं आणि गोणी न उघडताच तो निघून गेला. मग तो जालन्याच्या वाटेवरच्या एका बाजारात दिसला. ती तिथंही गेली. तिथं तर तिला बोलावंही लागलं नाही, उसाची गोष्ट तिच्या आधी पोचली होती. बन्सीला बघून पोरं उसाची चिपाडं दाखवायची. रजा संपल्या, पगार कापला गेला, अभय चिडला, तरी ती जात राहिली. तिला जे मिळत होतं ते पगारात मिळत नव्हतं.

मात्र एक गोष्ट तिनं सोडून दिली. एका बाजाराला माइक पुढं केल्यावर मनकर्णाबाईंनी तो हातानं बाजूला सारला. आवाज न चढवता म्हणाल्या, "करुणा, लई बाजार झाले. मला मरायच्या आधी अजून कितीदा म्हनायचंय ते सांग, म्हंजी मी एकदाच म्हनून घेते." करुणानं माइक खाली ठेवला. त्यानंतर तिनं तो कधी सासूपुढं धरला नाही. घरी गेल्यावर पहिल्यांदा दोघी एका ताटलीत जेवल्या. मनकर्णाबाईंनी स्वतःचं मंजन सोडलं होतं, ते करुणाला त्या दिवशी कळलं.

काही दिवसांनी बन्सी स्वतःहून आला. बाजार उठत होता, करुणा भोंग्याची वायर गुंडाळत होती. तो दूर उभा राहिला, मग जवळ येऊन खाली बसला. म्हणाला, माझ्या बापानं मला कडेवर असल्यापासून तेच लावलं. बाप तेच विकायचा. माझे दात पंचविशीतच गेले. मला वाटलं, आमच्या घराण्याचे दातच कच्चे. तुमच्या पोरीचं ऐकलं त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही, पण माणसांसमोर मी काय म्हणणार होतो? आता धंदा बसला. माझ्या मागं येऊ नका, ताई.

करुणानं त्याचं सगळं ऐकलं. तिनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाली, पाचोडच्या बाजारात या. कवळी खिशात ठेवून या. तिथंच उभं राहायचं, जिथं मला बोललात तिथं, आणि भोंग्यावर सांगायचं. आणि उरलेल्या डब्या सगळ्यांसमोर रिकाम्या करायच्या.

तो आला. येईल असं कुणाला वाटलं नव्हतं, करुणालाही नाही. त्यानं फेटा बांधला नव्हता. रिकाम्या तोंडानं त्याला नीट बोलता येत नव्हतं, तरी तो भोंग्यावर बोलला. यात तंबाखू आहे, लेकरांना लावू नका, मी दाभाड्यांच्या पोरीला दुप्पट लावायला सांगितलं, ते चुकलं. या वेळी कुणी हसलं नाही. अपेक्षानं पोराला उचलून घेतलं आणि मान वळवली. बन्सीनं डब्या एकामागून एक नाल्यात ओतल्या. मग करुणासमोर येऊन म्हणाला, झालं?

"नाय," करुणा म्हणाली. "माझ्या पोरीचं झालं नाय अजून, तर तुमचं कसं होईल?"

तो रिकामी गोणी उचलून गेला. आता तो पैठणच्या रस्त्याला कुठंतरी प्लास्टिकच्या बादल्या विकतो म्हणतात. करुणा त्याच्या मागं गेली नाही. पण पाचोडची सतरंजी तिनं सोडली नाही. डॉक्टर विशाखांनी एकदा शिबिरात तिचा सत्कार ठेवला आणि भाषणात म्हणाल्या की एका आईनं आपलं दुःख विसरून हजारो लेकरांसाठी काम केलं. करुणाला माइक दिला तेव्हा तिनं शाल अंगावर तशीच ठेवून सांगितलं, मी काही विसरले नाही. मला एका माणसाला पाडायचं होतं. त्यात तुमच्या लेकरांचे दात वाचले, चांगलं झालं. विशाखा चपापल्या, मग हसल्या. करुणा हसली नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक तरुण बाई पाचोडच्या बाजारात तिच्याकडं आली. कडेवर दोन वर्षांची मुलगी. रात्रीची बाटली सोडवायची आहे, म्हणाली, कशी सोडवू? करुणानं सांगितलं, एकदम तोडू नका, दुधात रोज थोडं थोडं पाणी वाढवा, शेवटी नुसतं पाणी राहील आणि पोर आपणच सोडेल. मुलीला मांडीवर निजवून दात घासून दाखवले. पोर शांतपणे वर बघत होती. दात स्वच्छ होते, एकालाही डाग नव्हता. तेवढ्यात मनकर्णाबाई कानाशी लागून म्हणाल्या, ही बन्सीची सून आहे.

करुणाचा हात थांबला. ब्रश पोरीच्या तोंडात होता. समोर बसलेल्या बाईला कळलं की ओळख पटलीय. तिनं मान खाली घातली आणि पोरीचे पाय हातात घट्ट धरले. मनकर्णाबाईंनी सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला. करुणानं दुसऱ्या बाजूच्या दाढा घासल्या, मागच्यासुद्धा, जिथं ब्रश पोचायला अवघड असतं तिथं. कुठंच घाई केली नाही. पोरीला थुंकायला लावलं, फडक्यानं तोंड पुसलं आणि तिला आईकडं दिलं. मग त्या बाईला सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितलं, एकही गोष्ट न गाळता, आणि तिच्याकडून वदवून घेतलं. नवा ब्रश तिच्या हातात दिला.

बाई उठून निघाली तेव्हा करुणानं तिला हाक मारून थांबवलं.

"रात्री घासताना सासऱ्याला जवळ बसवत जा," ती म्हणाली. "आणि रोज सांगत जा, हे कुणी शिकवलं ते. एक रात्र चुकवू नको. ना घासणं, ना सांगणं."

बाईनं मान हलवली. ती गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत करुणा तिच्याकडं बघत राहिली. मग पुढची आई लेकराला घेऊन सतरंजीवर बसली, आणि करुणानं तिला विचारलं की पहिला दात कधी आला.